अकरा पैशांचे औषध

पटकीचा (कॉलऱ्याचा) हिशेब तासांचा असतो. सकाळी औताला गेलेला धडधाकट गडी दुपारी जुलाबांनी आडवा होतो आणि दिवेलागणीपर्यंत घरच्यांनाही ओळखू येत नाही. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, आवाज खोल विहिरीत गेलेला, पोटऱ्यांत गोळे, मनगटावर नाडी लागत नाही. पोटातून जाते ते तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी, आणि तेही कधी कधी तासाला लिटरभर. शुद्ध मात्र बरीचशी शाबूत असते. पाणी मागत मागत माणूस जातो.

महाराष्ट्रातल्या गावांनी या रोगाचा मरीआईचा कोप म्हणून धसका घेतला होता. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे पीडा पुढच्या गावाच्या गळ्यात! पंढरपूरच्या यात्रेवर इंग्रज सरकारचा कायम डोळा असायचा तोही मुख्यतः पटकीमुळेच. देव्हाऱ्यात आणि सरकारी दफ्तरात असे या रोगाचे स्थान पक्के होते. उपाय कुठेच नव्हता.

खरे तर माणूस मरतो तो जंतूने अवयव पोखरल्यामुळे नव्हे, तर अंगातले पाणी आणि मीठ संपल्यामुळे. गेलेले पाणी आणि मीठ परत भरा, रोगी उठून बसतो. हे पहिल्यांदा कळले तेव्हापासून ते खेड्यातल्या आईच्या हाती पोचेपर्यंत १४० वर्षे गेली. या काळात एकेक शोध लागत होता, पण शेजारच्या शोधाशी त्याची गाठ पडत नव्हती.

१८३१च्या अखेरीस पटकी युरोप पालथा घालत इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. त्या वेळी डॉक्टरांकडे तीन हत्यारे होती : शीर कापून रक्त काढणे, पाऱ्याची पूड आणि अफू. ज्याच्या अंगातले पाणी आधीच आटले आहे त्याचे रक्तही काढून घ्यायचे! शीर उघडली तरी रक्त धड वाहत नसे, इतके ते दाट आणि काळपट झालेले असे. विल्यम ओशॉनेसी हा विशीतला आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला आणि त्याने तेच दाट रक्त रासायनिक कसोटीवर तपासले. रक्तातले पाणी कमी, क्षार कमी. आणि जे रक्तात कमी होते ते रोग्याच्या जुलाबात सापडत होते. शिरेतून खारे पाणी द्यावे, असे त्याने सुचवले आणि तो थांबला.

प्रत्यक्ष हात घातला तो स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटाने, मे १८३२मध्ये. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती आणि तिच्यावर नेहमीचे सगळे उपाय करून झाले होते. लॅटाने तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि थोडे थोडे खारे पाणी सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग श्वास जरा मोकळा झाला. बसलेले डोळे, पडलेला जबडा, काळवंडलेला चेहरा यांवर हळूहळू जिवंतपणा आला, हरवलेली नाडी परतली. अर्ध्या तासात साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आत गेल्यावर बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, आता काही त्रास नाही, जराशी झोप हवी. लॅटाने समाधानाने तिला रुग्णालयातल्या सर्जनच्या हवाली केले आणि तो निघाला. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी भरले नाही आणि काही तासांत ती गेली.

लॅटाने हे सगळे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले, फसलेल्या भागासकट. पण पद्धत रुजली नाही. एक तर मरणाच्या दारातलेच रोगी या प्रयोगासाठी मिळत. शिवाय निर्जंतुक पाणी म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि एकदा भरून भागत नाही, जाईल तितके भरत राहावे लागते, हा मुद्दा फार थोड्यांच्या ध्यानात आला होता. लॅटा पुढच्याच वर्षी वारला. ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे त्याने हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळे उभारले. इतिहासाच्या पुस्तकांत तो भेटतो तो तारेच्या खांबांशेजारी. पटकीच्या रक्ताचे गणित पहिल्यांदा मांडणारा माणूस हाच, हे फार थोड्यांना आठवते.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे जंतूच्या शोधात गेली. रॉबर्ट कॉखने १८८४मध्ये कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू पक्का केला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असेही त्याने म्हणून ठेवले. विष सापडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लेनर्ड रॉजर्सने शिरेतून खारे पाणी देण्याची पद्धत पुन्हा उचलली, प्रमाण बदलले, आणि त्याच्या वॉर्डातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सलाईन आता कामाला लागले होते. मात्र सलाईनला निर्जंतुक बाटली लागते, सुई लागते, शीर सापडणारा हात लागतो आणि मुख्य म्हणजे दवाखाना लागतो. पटकी येते ती पुराने वेढलेल्या गावात, जत्रेत, छावणीत. तिथे यातले काहीच नसते.

मग तोंडाने पाणी का देऊ नये? या साध्या प्रश्नाला पुस्तकात तयार उत्तर होते : पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, त्यामुळे पाजलेले पाणी शोषले जाणार नाही. मृतांचे विच्छेदन करताना आतड्याची आतली त्वचा निघालेली दिसे, त्यावरून हा समज पसरला होता. मेल्यानंतर काही वेळाने आतडे तसेही सुटू लागते, हे लक्षात घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते. जुलाब लागले की ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाणीसुद्धा तोडायचे, हा सल्ला मोठमोठ्या रुग्णालयांतून दिला जाई.

या समजाच्या मुळाशी पहिला सुरुंग लावला शंभुनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावचे हे डॉक्टर. लंडनहून पीएचडी करून ते कलकत्त्याला परतले तेव्हा प्रयोगशाळेत साधनांची बोंब होती. डे यांनी ससा घेतला. भूल देऊन त्याचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा बोटभर तुकडा न कापता दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधायचा, त्या बंद तुकड्यात पटकीच्या जंतूंचे द्रावण टोचायचे, शेजारच्या दुसऱ्या तुकड्यात नुसतेच द्रव टोचायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पोट उघडले की नुसत्या द्रवाचा तुकडा चपटाच असे, आणि जंतूंचा तुकडा तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेला! १९५३मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. एवढ्या साध्या साधनांनी केलेला आणि एवढा निर्णायक प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात फार सापडत नाही.

पुढची पायरी आणखी धारदार होती. डे यांनी जंतू वाढवलेले द्रव इतक्या बारीक गाळणीतून काढले की त्यात एकही जंतू उरला नाही. हे निर्जंतुक पाणी आतड्याच्या तुकड्यात टोचले तरी तो तसाच फुगला. म्हणजे जंतू नव्हे, त्याने सोडलेले विष हे काम करते. १९५९मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि कॉखचा पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा अंदाज खरा ठरला.

त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी पानसे व कुलकर्णी दुसऱ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचले. दत्तांनी आधीच, १९५५मध्ये, सशाच्या दूधपित्या पिलांमध्ये हुबेहूब पटकी निर्माण करून दाखवली होती. आता त्यांनी जंतूंच्या अर्कानेही पिलांना तसेच जुलाब होतात, हे सिद्ध केले. प्लेगच्या लशीसाठी ओळखली जाणारी ही संस्था पटकीच्या इतिहासातही अशी आहे, पण महाराष्ट्रात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

डे यांच्या वाट्याला काय आले? भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने जिवंतपणी त्यांना फेलो करून घेतले नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले. १९७८मध्ये, निवृत्त झाल्यावर, नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरच्या परिसंवादाला त्यांना बोलावले. १९८५मध्ये ते गेले. आपल्याकडे शास्त्रज्ञाची किंमत बाहेरून कळते, ही तक्रार जुनी आहे. डे यांच्या बाबतीत बाहेरून कळूनही ती इथे पोचली नाही.

विष आतड्याला पाणी ओकायला लावते, आतड्याची त्वचा फाडत नाही, हे डे यांच्या सशांनी सुचवले होते. माणसात त्याचा पडताळा यूजीन गँगारोसा या अमेरिकी डॉक्टरने थायलंडच्या साथीत घेतला. रोग्याला एक बारीक कुपी गिळायला द्यायची आणि तिच्याकरवी जिवंत आतड्याचा कण काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर शाबूत दिसले. पुस्तकातले उत्तर चुकीचे होते.

अस्तर जर शाबूत आहे तर पाणी आत घेण्याची त्याची ताकद कुठे गेली? याचे उत्तर ज्याच्याकडे होते त्याला पटकीशी काही देणेघेणे नव्हते. रॉबर्ट क्रेन हा अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ आतड्यात साखर कशी शोषली जाते, या शुद्ध पुस्तकी वाटाव्या अशा कोड्यामागे लागला होता. ऑगस्ट १९६०मध्ये प्रागच्या परिषदेत त्याने आपला तर्क मांडला : आतड्याच्या पेशीवर एक असे दार आहे की तिथे फक्त जोडीलाच प्रवेश मिळतो. ग्लुकोज एकटे आत जात नाही, मिठातले सोडियम सोबत लागते. आणि ती दोन्ही आत गेली की पाणी त्यांच्यामागून आपोआप जाते. पटकीचे विष पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर फेकायला लावते, पण या दाराला हात लावत नाही, हे पुढे उमगले. नुसते पाणी पाजले तर ते वाहून जाते. नुसते मीठ घातले तरी तेच. त्यात ग्लुकोज घातले की चित्र पालटते.

इथे एक चुटपुट लावणारी गोष्ट सांगायला हवी. क्रेनच्या सात वर्षे आधी, १९५३मध्ये, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला होता. मध्यम स्वरूपाच्या पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनी उलटी थांबवणारे औषध दिले, पानओव्याच्या जातीतल्या पानांचा रस दिला आणि लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ व २५ ग्रॅम ग्लुकोज घालून तोंडाने पाजले. एकही रोगी दगावला नाही. पुढे जगभर गेलेल्या मिश्रणाच्या हे प्रमाण किती जवळ होते, ते पुढे दिसेलच. मात्र चॅटर्जींनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, किती गेले आणि किती भरले याचे मोजमाप नव्हते, आणि ग्लुकोज का घालायचे याचे कारण त्यांच्यापाशी नव्हते. त्या वेळी ते कोणापाशीच नव्हते. लेख छापला गेला आणि विसरला गेला. पानांच्या रसामुळे पाश्चात्त्य वाचकांनी नाक मुरडले असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. तरीही निव्वळ पूर्वग्रहाच्या माथी सगळे मारता येत नाही. कारण न सांगता येणारा परिणाम डॉक्टरांच्या गळी उतरवणे कुठेही अवघडच.

कारण हाती असूनही माणूस कसा ठेचकाळतो हे रॉबर्ट फिलिप्स यांच्या बाबतीत दिसले. अमेरिकी नौदलाचे हे कॅप्टन सलाईनच्या शास्त्रातले मोठे नाव. १९६२मध्ये मनिलात त्यांनी रोग्यांना मीठ-पाण्यात ग्लुकोज घालून पाजले आणि शोषण वाढल्याचे स्वतः पाहिले. उत्साहाच्या भरात लगेच मोठा प्रयोग आखला गेला. द्रावण फार तीव्र होते, किती द्यायचे याचा हिशेब कच्चा होता. पाच रोगी दगावले. फिलिप्स इतके हादरले की त्यांनी तो नाद सोडला आणि पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या कोणाला असा प्रयोग करू द्यायलाही ते राजी नव्हते.

योगायोग असा की पुढे ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले, आणि तिथेच डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन पोरसवदा अमेरिकी डॉक्टर येऊन थडकले. ढाक्यातच नॉर्बर्ट हर्शहॉर्न आणि कलकत्त्यात नॅथॅनियल पिअर्स यांच्या गटाने मोजक्या रोग्यांवर ग्लुकोजचा परिणाम बारकाईने तपासून ठेवला होता. नॅलिन आणि कॅश यांनी लक्ष घातले ते मोजमापात. पटकीच्या वॉर्डातली खाट साधी आणि चोख असते : ताडपत्रीच्या मधोमध भोक, खाली खुणा केलेली बादली. दर काही तासांनी बादली पाहायची आणि जितके गेले तितकेच तोंडाने द्यायचे; ना कमी, ना जास्त. आधीचे प्रयोग फसले होते ते नेमके इथेच. पाणी ठरावीक प्रमाणात दिले जाई, गेलेल्याशी त्याचा मेळ नसे. १९६८मध्ये २९ रोग्यांवरच्या प्रयोगात दिसले की सुरुवातीला शिरेतून पाणी भरून रोग्याला सावरले, की पुढचे सारे तोंडाने भागते. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. ‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधावर नॅलिन, कॅश, इस्लाम, मोल्ला यांच्याबरोबर फिलिप्स यांचेही नाव आहे. अखेर ते राजी झाले होते.

तरीही हे सगळे प्रशिक्षित परिचारिका आणि मोजणीच्या बादल्या असलेल्या वॉर्डात घडले होते. घरच्या माणसांच्या हाती हे द्रावण द्यावे, असे कोणी छातीठोकपणे म्हणत नव्हते. मग १९७१ उजाडले.

पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल मांडली आणि लोंढे भारताकडे निघाले. वर्षअखेरीपर्यंत जवळपास एक कोटी निर्वासित आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव परिसरातच साडेतीन लाख माणसे तंबूंत, शाळांत, सांडपाण्याच्या पाइपांत राहत होती. पावसाळा तोंडावर आला आणि पटकी फुटली. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले दिलीप महालनबिस २४ जून १९७१ला बनगावच्या रुग्णालयात पोचले. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ, लंडनमधल्या मुलांच्या रुग्णालयात काम केलेले. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत फरशीभर रोगी पसरलेले होते. शिरेत सुई घालायची तर उलटी आणि जुलाबाच्या चिखलात गुडघे टेकूनच बसावे लागे. सलाईनचा साठा संपत आला होता. असता तरी ते लावणारे प्रशिक्षित हात दोनच होते.

महालनबिस यांनी मग ज्या गोष्टीची परवानगी पुस्तकात नव्हती ती केली. कलकत्त्याला केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या बांधायचा कारखाना सुरू झाला. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तंत्रज्ञ तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत आणि गरम इस्त्रीने पिशवीचे तोंड बंद करत. चार लिटरची एक पिशवी, सोळा लिटरची एक. लिटरमागे खर्च आला अकरा पैसे. बनगावला मोठ्या पिंपात पाणी घेऊन त्यात पिशवी रिकामी करायची, पिंपाला तोटी लावायची, आणि आई, बाप, भाऊ जो कोणी सोबत असेल त्याच्या हाती पेला द्यायचा. किती पाजायचे? रोगी पीत राहील तितके. तहान भागली की तो आपणहून थांबतो.

लोकांचा यावर विश्वास कसा बसणार? रोग्यांना सुई हवी होती. सुई म्हणजे औषध, पेला म्हणजे पाणी. तेव्हा त्यांना सांगण्यात आले, हे तोंडाने घ्यायचे सलाईन आहे. सलाईन या शब्दाचा दरारा कामी आला.

आठ आठवड्यांत सुमारे ३७०० रोग्यांवर उपचार झाले. द्रावण येण्याआधी तिथे शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. या काळात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. अगदी कोसळलेल्या रोग्यांना सुरुवातीला सलाईन लागले, बाकीचे पेल्यावर उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ बनगावला आले, सारे डोळ्यांनी पाहिले आणि या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरून द्रावणाची कृती सांगितली जाऊ लागली. महालनबिस यांचा निबंध मात्र आधी नाकारला गेला. १९७३मध्ये तो जॉन्स हॉपकिन्सच्याच वैद्यकीय नियतकालिकात आला. छावणीत तुलनेचा गट ठेवणे म्हणजे निम्म्यांना मरू देणे, ही अडचण शेकोटीशेजारी बसून निबंध तपासणाऱ्याला सहज दिसत नसावी.

त्यानंतर चक्रे भराभर फिरली. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सर्व वयांसाठी आणि सर्व प्रकारच्या जुलाबांसाठी एकच मिश्रण ठरवले, त्यात पोटॅशियमही आले. हीच आपली ‘जलसंजीवनी’, ओआरएस. १९७८मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा शोध हा शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकेल, असे म्हटले. ज्या नियतकालिकाने लॅटा आणि चॅटर्जी दोघांनाही छापले होते, त्याच्याच पानावर हे यावे हे ठीकच झाले.

घराघरात पोचवण्याचे काम बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेने करून दाखवले, आणि ते करतानाही संशोधन चालूच ठेवले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बायकांच्या तुकड्या गावोगाव, घरोघर फिरल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत आयांना शिकवले : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारीचा पगार ठरे तो नंतर येणाऱ्या तपासनिसापुढे आईने द्रावण किती बरोबर केले त्यावर! तरी सुरुवातीला फारच थोड्या घरांत ते वापरले जात होते. चौकशी केली तेव्हा कळले की खुद्द शिकवणाऱ्यांनाच त्याची खात्री नव्हती, आपल्याला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना द्रावण काम कसे करते ते नीट समजावून दिले गेले; बाजारात आणि मशिदीत गाठून पुरुषांनाही सामील करून घेतले गेले. वापर वाढत गेला.

ओआरएसमध्ये एक खोट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्याने जुलाब थांबत नाहीत. पोर मरत नाही, पण लंगोट ओलेच होत राहतात; आणि आईला, सासूला, डॉक्टरलाही जुलाब थांबलेले पाहायचे असतात. संशोधक याच्याही मागे लागले. मूळ मिश्रण जरा अधिकच दाट होते असे दिसून आल्यावर २००२मध्ये त्यातले मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले. त्याने जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाईनची गरजही घटली. दोन वर्षांनी दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस जोडली गेली, कारण झिंकने दुखणे लवकर आटोपते आणि पुढचे काही महिने पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते, असे प्रयोगांत दिसले होते. १९८०च्या सुमारास जगात दरवर्षी पन्नास लाखांच्या आसपास मुले जुलाबाने मरत. आता हा आकडा पाच लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, लसी, बरे खाणे यांचा त्यात वाटा आहेच, पण पेल्याचा वाटा मोठा आहे.

२००२मध्ये बालआरोग्य संशोधनाचे पोलिन पारितोषिक महालनबिस, पिअर्स, नॅलिन आणि हर्शहॉर्न यांना मिळून मिळाले. १६ ऑक्टोबर २०२२ला महालनबिस वारले आणि तीन महिन्यांनी पद्मविभूषण जाहीर झाले.

ज्या देशात हे औषध सिद्ध झाले तिथली स्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६मध्ये जुलाब झालेल्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला ओआरएस मिळत होते. २०१९-२१पर्यंत हे प्रमाण ६१ टक्क्यांवर आले. प्रगती आहे, पण शंभरातल्या एकोणचाळीस पोरांना तेव्हाही ते मिळत नव्हते. का मिळत नाही, याचा शोध कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत घेतला गेला आणि २०२४मध्ये तो ‘सायन्स’मध्ये छापून आला. सराव दिलेली माणसे दोन वर्षांच्या पोराचा बाप बनून दवाखान्यांत गेली. कोणी ओआरएस आपणहून मागितले, कोणी प्रतिजैविक, कोणी काहीच नाही. डॉक्टर ओआरएस लिहून देत नाहीत याचे सर्वांत मोठे कारण साठा नसणे किंवा महाग औषधातला नफा हे निघाले नाही. त्या दोहोंचा वाटा प्रत्येकी पाच-सहा टक्क्यांचा. ४२ टक्के वाटा होता तो डॉक्टरांच्या एका समजुतीचा : पेशंटला ओआरएस नको असते. पेशंटला विचारले तर त्याला ते चालणार असते. खेड्यात ‘जरा सलाईन लावा’ म्हणणारा रोगी आणि सलाईन लावल्याशिवाय फी घ्यायला संकोचणारा डॉक्टर, दोघेही एकमेकांच्या मनातले ओळखल्याच्या थाटात चुकत असतात.

दरम्यान बाजाराने आणखी एक घोळ घातला होता. ‘ओआरएस’ ही अक्षरे ठळक छापलेली गोड पेये औषधाच्या दुकानात मिळत होती, आणि त्यांतली साखर शिफारशीच्या कितीतरी पट होती. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते. मनिलातल्या तीव्र द्रावणाने हे १९६२मध्येच दाखवून दिले होते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली.

तेव्हा दुकानातून पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे पाहा, आणि ती लिटरभर पाण्यासाठी आहे की २०० मिलिलिटरसाठी, तेही वाचा. सबंध पुडी ठरलेल्या पाण्यात एकदम घाला, अर्धी अर्धी करू नका. २४ तासांत संपले नाही तर उरलेले ओतून द्या आणि नवे करा. पोर उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने पाजायला लागा. अंगावरचे दूध तोडू नका. पोर सुस्तावले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठा.